पहिली फुंकर

सोमवार, ३ मार्च

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लेकीच्या घरी सुखरूप पोहोचलो. प्रवास उत्तम झाला. सामानात अंथरूण, कपड्यांची पिशवी आणि हत्यारांची पेटी. गाडीवाला पेटी उचलू पाहत होता, त्याला हात लावू दिला नाही. चव्वेचाळीस वर्षे जी पेटी मी वाहिली ती आज दुसऱ्याने का वाहावी? घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या मी न थांबता चढलो. माझे वय त्र्याहत्तर आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

लेक दारात उभी होती. वाळली आहे, पण हसली. म्हणाली की अण्णांनी पेटी आणली म्हणजे अण्णा राहायला आले. तिचे बोलावण्याचे पत्र आले म्हणून आलो; नऊ वर्षांनंतर आम्हा बापलेकीत झालेले हे पहिले बोलणे. तिने माझ्या संमतीवाचून लग्न केले तेव्हा तुझा उंबरा ओलांडणार नाही असे मी म्हटले होते. मी शब्दाचा पक्का माणूस आहे. शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. जावई गेल्या वर्षापासून वेगळे राहतात. त्याविषयी मी विचारले नाही आणि विचारणार नाही.

मला मागच्या बाजूची खोली दिली आहे. ही माझ्या नातीची खोली. पलंग लहान असल्यामुळे पाय बाहेर येतात, पण गादी चांगली आहे. भिंतीवर पेन्सिलीने तिच्या उंचीच्या खुणा केल्या आहेत. सर्वांत वरची खूण माझ्या कमरेच्या थोडी वर येते. कोपऱ्यातील टेबलावर संगणक आहे आणि तो अहोरात्र चालू असतो. पडद्यावर ९ हा आकडा दिसतो. यंत्राला हात लावू नये, असे लेकीने दोनदा बजावले. मी म्हटले, बाळ, यंत्राला हात कधी लावावा आणि कधी लावू नये हे मला कोणी शिकवायला नको.

आनंदात आहे.

मंगळवार, ४ मार्च

आकड्याचा खुलासा झाला. नात गेल्या वर्षी, वयाच्या सातव्या वर्षी, छातीच्या विकाराने गेली. आईवडिलांच्या फोनमधील तिची सर्व छायाचित्रे याच यंत्रात ठेवली होती. ती गेल्यावर लेकीने दोन्ही फोनमधील चित्रे पुसून टाकली, कारण फोन हातात घेतला की ती दिसत आणि मग काही काम होत नसे. यंत्रात आहेत, या भरवशावर पुसली. महिन्यापूर्वी यंत्रातील चित्रे साठवणारी चकती बिघडली.

संगणक-दुरुस्तीवाल्याने एक प्रोग्राम लावून दिला आहे. तो मोडक्या चकतीवरील चित्रे कणाकणाने वेचून नव्या चकतीवर उतरवतो. शंभर आकडा झाला की चित्रे पडद्यावर आपोआप येतील. तोवर एकही पाहता येत नाही. अजून सुमारे बावीस दिवस लागतील. मात्र एवढ्यात यंत्र एकदा जरी बंद पडले, तर ती चकती पुन्हा फिरणार नाही. हे मला तत्काळ समजले. जुनी मोटर फिरते आहे तोवर फिरते. थांबली की जाम होते. शिक्षण चौथीपर्यंतच झाले, तरी पंखे-मोटरांच्या वाइंडिंगच्या दुकानात मी जे शिकलो ते कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत.

हा दुरुस्तीवाला प्रत्येक वाक्याच्या शेवटी टेन्शन घेऊ नका म्हणतो, म्हणून लेकीने त्याचे नाव टेन्शनभाऊ ठेवले आहे. आज ती बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली असावी, कारण हसता हसता तिला खोकला आला.

एक गोष्ट लिहिणे भाग आहे. मी नातीला पाहिलेले नाही. ती दोन वर्षांची असताना लेकीने एक पाकीट पाठवले होते. मी ते न फोडता परत केले. त्यात फोटो होता, हे आज कळले. तोही आता नाही.

गुरुवार, ६ मार्च

लेक सकाळी नऊला छापखान्यात जाते आणि सहाला येते. मजकुरातील चुका तपासण्याचे तिचे काम आहे. माझी ही वही तिने उघडी पाहिली तेव्हा म्हणाली की अण्णांची रोजनिशी म्हणजे कोर्टातले प्रतिज्ञापत्र. मी ते प्रशस्तिपत्र समजतो.

आज यंत्राच्या मागून घरघर ऐकली. लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मागील जाळीवर टेकवून मूठ कानाला लावली. वीजपुरवठ्याच्या डब्यातील पंखा आहे. पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ते बुश कोरडे पडले आहे. पाती वळताना अडखळतात. असले हजारो ऐकले आहेत.

टेन्शनभाऊला बोलावले. डबा बदलणे दहा मिनिटांचे काम आहे, पण त्यासाठी यंत्र बंद करावे लागेल, असे तो म्हणाला. बंद करता येत नाही. आणि पंखा थांबला तर डबा तापून जळेल व जळताना चकतीही नेईल. आज त्याने टेन्शन घेऊ नका असे म्हटले नाही. लेक भिंतीला टेकून खाली बसली.

मी दोघांना सांगितले की हा पंखा माझ्यावर सोडावा. तुझ्या डोक्यावर जितके केस आहेत त्याहून जास्त पंखे मी दुरुस्त केले आहेत, असे टेन्शनभाऊला सुनावले. त्याच्या डोक्यावर केस फारसे नाहीत, पण मला काय म्हणायचे ते त्याला कळले.

शुक्रवार, ७ मार्च

काम फत्ते. चालू यंत्राला हात लावायचा नाही, हा माझा आजन्म नियम. आज तो मोडला. रबरी मोजे घातले. पिचकारीची सुई जाळीतून आत घालून पंख्याच्या मध्यावरील कागद टोचला आणि शिलाई-यंत्राच्या तेलाचे दोन थेंब बुशात सोडले. त्या खटाटोपात पंखा थांबला. बांबूच्या काडीने ढकलला, फिरेना.

तेव्हा तोंड जाळीजवळ नेऊन फुंकर मारली. आमच्या दुकानाची ती रीत होती. दुरुस्त झालेल्या पंख्याला वीज देण्यापूर्वी तोंडाने एक फुंकर द्यायची. पाती तेवढ्याने हलकेच फिरली तर बुश चांगले बसले असे समजायचे. आम्ही तिला पहिली फुंकर म्हणत असू. चालू पंख्याला मात्र ती कधी द्यायची नाही, असे उस्ताद बजावत. कारण विचारले तर खोड लागते, एवढेच म्हणत. डोळ्यात कचरा जाऊ नये म्हणून मुलांना घातलेली ती भीती असावी.

पंखा सुरू झाला. आवाज नाही. आकडा २६. लेकीने माझे तेलकट हात धरून ठेवले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

रविवार, ९ मार्च

बारीक आवाज पुन्हा येऊ लागला आहे. ही घरघर नव्हे. एक लांब सूं, मग थोडी शिट्टी, मग विराम. पंख्याला विराम नसतो.

दुपारी पाहतो तो लेक दारात उभी, चौकटीला गाल लावून. मी म्हटले की आणखी एक थेंब सोडतो म्हणजे आवाज जाईल.

ती म्हणाली, “नको अण्णा. असू दे तेवढा आवाज.”

मग तिने हळूहळू सांगितले. शेवटच्या महिन्यात नातीचा श्वास असाच वाजत असे. रात्रभर तो ऐकत ती पलंगाच्या कडेला बसे, आणि आवाज येतो आहे तोवर सर्व ठीक आहे असे मनाला सांगे. मी तेलाची बाटली पेटीत ठेवली.

सोमवार, १० मार्च

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी पंखा थांबला. आकडा ३८ वर थबकला. काडीने ढकलला, दोन वेढे फिरून पुन्हा थांबला. टेबलावरचा मोठा पंखा आणून जाळीवर धरला. उपयोग नाही. डबा हाताला चटका देऊ लागला, वार्निश जळण्याचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन.

दुसरे काहीच उरले नाही म्हणून फुंकर मारली. लगेच फिरला. डबा पाच मिनिटांत गार झाला. आकडा पुढे सरकला.

रात्री आठ वाजून अठरा मिनिटांनी पुन्हा थांबला. पुन्हा फुंकर. म्हणजे सहा तास पुरते. घड्याळाचा गजर लावून झोपणार आहे. लेकीला सांगितले की दुरुस्ती पक्की आहे. चव्वेचाळीस वर्षांत माझे एकही काम परत आले नाही. हे आले, असे कोणत्या तोंडाने सांगू?

बुधवार, १२ मार्च

लेक कामावर गेल्यावर टेन्शनभाऊला एकट्याला बोलावले. त्याने बाजूचे झाकण काढून डब्याच्या फटीतून विजेरीचा उजेड टाकला. बराच वेळ वाकून पाहिले. मग विजेरी माझ्या हाती दिली.

पंख्याकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी तांबडी जळून तुटली आहे. तिचे काळे टोक अधांतरी लोंबते आहे. वीज पंख्यापर्यंत पोहोचतच नाही. स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा कानाला लावला. बुशाचा आवाज आहे. गुंडाळीचा गुंजारव नाही. सोमवारीही नव्हता. मी वाइंडर असून तिकडे लक्ष दिले नाही.

तो म्हणाला, “काका, हा पंखा चालू नाहीये. तरी फिरतोय.”

यंत्र बंद करून टाका, असे त्याने हात जोडून विनवले. मी चकतीचे काय, असे विचारले. तो चहा अर्धा टाकून गेला. विजेरी येथेच राहिली आहे. लेकीला काही न सांगण्याचे वचन त्याच्याकडून घेतले. ४६.

शुक्रवार, १४ मार्च

आता दोन तास पुरते. जिना चढताना अकराव्या पायरीवर बसलो, मग तेविसाव्या. खालच्या मजल्यावरील बाई पाणी घेऊन आली. घेतले नाही.

डब्याचा पंखा आतील गरम हवा बाहेर टाकण्यासाठी असतो. खात्री करण्यासाठी कागदाची पट्टी जाळीसमोर धरली. ती बाहेर उडायला हवी. ती जाळीला जाऊन चिकटली.

पंखा ओढतो आहे. पाती त्याच दिशेने फिरतात, मी तीनदा पाहिले. तरी ओढतो आहे.

५४. बंद करण्याचा विचार मनात येतो. मग भिंतीवरील खुणा दिसतात. केवढी होती एवढे मला माहीत आहे. कशी होती ते माहीत नाही.

रविवार, १६ मार्च

लिहिण्यापूर्वी चष्मा पुसण्यासाठी काचेवर तोंडाची वाफ टाकली. काच स्वच्छच राहिली. पुन्हा टाकली. आरशावर टाकून पाहिली. आरशात माझे उघडे तोंड अगदी स्पष्ट दिसत होते.

एक तास पुरते. ६३.

मंगळवार, १८ मार्च

बंद करण्याचे ठरवले. लेकीची क्षमा नंतर मागेन, फोटो नकोत, असे ठरवले. मी पूर्ण शुद्धीवर आहे. भिंतीतील बटण बंद केले. वीज गेली तरी यंत्र चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याची वायर काढली. यंत्राच्या पाठीतील वायर उपटून हातात घेतली.

पंखा फिरतच होता. पडदा चालू. माझ्या हातात वायर आणि पडद्यावर ७१ चे ७२ झाले.

वायर पुन्हा लावून ठेवली. लेकीला दिसू नये म्हणून.

गुरुवार, २० मार्च

लेकीने डॉक्टरीण घरी आणली. तिने छातीला नळी लावली, मग पाठीला, मग नळी काढून स्वतःच्या छातीला लावून तपासली, मग पुन्हा मला. छाती हलते आहे पण आत हवा जाताना ऐकू येत नाही, असे लेकीला हळूच म्हणाली. आजच रुग्णालयात न्या म्हणाली. मी नकार दिला. लेक रडली, मला हट्टी म्हणाली, तुमच्या हट्टाने आधीच पुष्कळ नेले आहे असेही म्हणाली. खरे आहे. गेलो असतो. पण अर्ध्या तासाने फुंकर कोण देणार? तीच देईल. हे तिला कळता कामा नये.

८१. वहीची पाने आता जड लागतात.

शनिवार, २२ मार्च

कळले.

तिला सुट्टी होती, हे विसरलो. जाळीला ओठ लावून बसलो होतो, तोच दार उघडले. तिने काही क्षण पाहिले. ती घाबरेल असे वाटले होते. घाबरली नाही. माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली, कान लावला, आणि तिचे तोंड असे उजळले की मला —

म्हणाली, “बाजूला व्हा अण्णा. मी आई आहे तिची.”

मी नाही म्हटले. हे ढब्बू नव्हे, हे डब्यातले काहीतरी आहे आणि त्याला माझ्या चुकीने खोड लागली आहे, असे सांगितले. नातीला घरात ढब्बू म्हणत. ते नाव मी आज प्रथमच उच्चारले. ते ऐकून ती आणखीच हसली. माझे तिने काही ऐकले नाही.

जाळीवर हात आडवा धरून बसलो आहे. ८९.

रविवार, २३ मार्च

डोळा लागला होता. जाग आली तेव्हा ती जाळीपाशी होती. किती वेळ, कोण जाणे. ओठ निळे. आकडा ९५.

तिचा श्वास त्याला अधिक मानवतो.

ओढून दूर केली. भाकरीच्या तुकड्यासारखी हलकी. धापा टाकीत म्हणत होती, किती जवळ आलंय बघा अण्णा, किती जवळ आलंय.

सोमवार, २४ मार्च

उपाय एकच. मी मेलो तर ती फुंकेल. यंत्र फोडले तर फुटत नाही. हातोडी घालून पाहिली, पत्रा वाकला, पंखा फिरतोच आहे. शंभर झाले की तिला फुंकण्यासाठी काही उरणार नाही. म्हणजे शंभर मीच करायचे. माझ्या छातीत जे आहे त्यात करायचे.

औषध आणण्याच्या निमित्ताने तिला खाली पाठवले. आतून कडी लावली. पलंग दाराला लावला. हे करताना दोनदा खाली बसलो.

९७.

ती परत आली आहे. दार ठोठावते. उत्तर द्यायला फुंकर खर्च करत नाही.

मंगळवार, २५ मार्च

फुंकर. ओळ. फुंकर. ओळ.

९८.

आता मी फुंकत नाही. तो ओढतो. तोंड जाळीवर ठेवले की पुरते. खोलीतली हवा ओढू नये म्हणून तोंडाने जाळी झाकून — दाराखालच्या फटीतून कागद ओढला जाऊन आत सरकत होता. तिच्या बाजूची हवा. फट अंथरुणाने बुजवली.

९९

पंखा थांबला आहे. नीट पाहिले. पाती स्थिर. तरी सूं — शिट्टी — विराम. येतोच आहे.

माझ्या छातीतून येतो आहे.

ती बाहेर ऐकते. ठोठावणे थांबले. दाराला तोंड लावून बोलते आहे. मला नव्हे.

“हळू घे, ढब्बू. हळू. आई आहे ना इथे.”

बाळ, मी आहे, म्हणायला — हवा नाही —

आकडा गेला. पडदा पांढरा. चित्र वरून खाली उतरते आहे. पट्टी पट्टीने. केस. दोन वेण्या, एक सुटलेली. कपाळ. भुवया — माझ्या — माझ्याच आहेत —

थोडे थांब. डोळे येऊ देत. एवढे डो